बडोद्यात बुरशी शिकायला येताय? पहिल्या वर्षासाठी काही सूचना

बुरशीवर पीएच.डी. करायला बडोद्याला चालले, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बुरशी काय आपल्या माजघरात कमी येते, की तिच्यासाठी एवढ्या लांब जायचं?" याला अकरा वर्षं झाली. आता मी शिकवते. दर वर्षी दोन-तीन नवीन मुलं येतात, त्यातलं एखादं तरी मराठी असतं, आणि मी केलेल्या चुका ती त्याच क्रमाने करतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते. बडोद्यात आज एकाहून जास्त विद्यापीठं आहेत. कुठेही आलात तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

१. येण्याआधी: गाइड, जागा, पैसा

विषय आवडला म्हणून आधी विषय ठरवून येऊ नका. आधी गाइडकडे जागा आहे का ते विचारा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. "या, बघू" असं गोड उत्तर आलं तर जागा रिकामी कधी होणार हे स्पष्ट विचारून घ्या. विचारायला लाजलात तर वर्ष जातं.

पीएच.डी.ची मुदत कमीत कमी ३ आणि एरवी जास्तीत जास्त ६ वर्षं, कोर्सवर्क धरून. कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट असतात. पहिल्या सहामाहीत वाटतं की हे वर्गात बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. बसा. संशोधनातल्या नीतिमत्तेचा पेपर असतो, तो पुढे खरंच उपयोगी पडतो.

पैशाचं सांगायचं तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली की १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. ती नसेल तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे. तिच्यात महिन्याला १५,००० रुपये दोन वर्षं मिळतात. कुठलीही फेलोशिप पहिल्या महिन्यात हातात पडत नाही. चार-सहा महिने पुरतील एवढे पैसे घरून घेऊनच निघा. मागायची लाज वाटली तरी घ्या.

२. कागदपत्रांची फाइल

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं, मूळ आणि तीन-तीन साक्षांकित प्रती
- आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र
- नेट किंवा प्रवेश परीक्षेचा निकाल
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक
- घराचा भाडेकरार (बहुधा ११ महिन्यांचा) आणि भाडेकरूची पोलिसात केलेली नोंद
- पासपोर्ट आकाराचे वीस फोटो. वीसच. दहा पुरत नाहीत.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचावी: महाराष्ट्रातला जातीचा दाखला गुजरातच्या राज्य आरक्षणाला चालत नाही. हे खिडकीपाशी कळलं तर रडू येतं. मायग्रेशनचंही तसंच आहे. ते काढायला उशीर लागतो, म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका.

३. घर आणि भाषा

दांडिया बाजार, रावपुरा या भागात अजूनही मराठी कुटुंबं आहेत. तिथे खोली मिळाली तर गणपतीत मोदक खायला मिळतात आणि भाडेकरारातलं गुजराती घरमालक समजावून सांगतात. पण तिथली मराठी ऐकून दचकू नका. गायकवाडांच्या काळापासून ती गुजरातीच्या शेजारी बसलेली आहे, मधूनमधून तिचे शब्द उचलते. विभागात मात्र गुजराती यायलाच हवी. माळी, प्रयोगशाळेतले काका, भांडारातले कारकून, सगळे गुजरातीत बोलतात, आणि खरं काम त्यांच्याकडूनच होतं. पहिलं वाक्य तुम्हाला आपोआप येईल, कारण ते रोज ऐकू येतं: "काले आवजो." म्हणजे उद्या या.

शब्दांची एक गंमत. आपण पावसात उगवणाऱ्या भूछत्राला कुत्र्याची छत्री म्हणतो. गुजरातीत तिचं नाव बिलाडीनो टोप, म्हणजे मांजराची टोपी. आणि भाकरीवर येते ती फूग. माळीकाकांना "कुत्र्याची छत्री दिसली का" असं विचारलंत तर ते आभाळाकडे बघतील. "बिलाडीनो टोप" म्हणालात तर थेट झाडापाशी नेतील.

४. स्पिरिटचं प्रकरण

हे कुणी आधी सांगत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, १९४९च्या कायद्यापासून. बुरशीचं काम म्हणजे दिवसभर स्पिरिट: हात पुसा, टेबल पुसा, चिमटा बुडवा आणि जाळा. हे स्पिरिट म्हणजे इथेनॉल, दारूत असतं तेच अल्कोहोल. प्रयोगशाळेसाठी ते घ्यायला नशाबंदी खात्याचा परवाना लागतो, साठ्याचं रजिस्टर लागतं, आणि रजिस्टरमधला आकडा बाटलीतल्या आकड्याशी जुळावा लागतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेली मुलं बेधडक ओततात आणि महिनाअखेरीस गाइडची बोलणी खातात.

म्हणून नुसतं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. इथेनॉल डीएनएच्या कामासाठी आणि पानांसारख्या नमुन्यांचा पृष्ठभाग निर्जंतुक करण्यासाठी राखून ठेवा. घेतलंत की त्याच क्षणी मिलिलिटरमध्ये लिहा. आणि मित्राला फोटो पाठवताना मागे ती बाटली दिसणार नाही याची काळजी घ्या. विनोद म्हणून पाठवलेला फोटो कुठे जाईल सांगता येत नाही.

५. पहिला महिना: बटाटे उकडा

विद्यापीठातल्या बुरशीशास्त्रज्ञाचा दिवस बटाट्याने सुरू होतो. बुरशी ज्यावर वाढवतात ते पीडीए नावाचं माध्यम असं: सोललेले बटाटे २०० ग्रॅम उकडून गाळलेलं पाणी, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, घट्टपणासाठी अगार १५ ग्रॅम, सगळं मिळून १ लिटर. तयार पूड बाजारात मिळते, पण पहिले दोन महिने हाताने करा. अगार कमी पडला की प्लेट (माध्यम ओतलेली झाकणाची बशी) कशी थुलथुलीत होते, जास्त झाला की कशी चामट होते, हे पुडीतून कळत नाही.

मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारा मोठा कुकर: १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, १५ ते २० मिनिटं. वेळ मोजायची ती दाब पूर्ण चढल्यावर. झाकण दाब शून्यावर आल्याशिवाय उघडायचं नाही. घाई केलीत तर फ्लास्कमधलं सगळं उतू जातं, आणि ते निवलेलं अगार खरवडून काढायला तासभर लागतो. जीवाणू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविक घालतात. क्लोरॅम्फेनिकॉल उष्णता सोसतं, ते आधी घातलं तरी चालतं. स्ट्रेप्टोमायसिन मात्र माध्यम ५० अंशांच्या खाली आल्यावरच घाला. गाल भाजणार नाही इतपत फ्लास्क निवला, हा माझ्या गाइडचा निकष. तुम्ही थर्मामीटर वापरा.

बहुतेक बुरश्यांना २५ ते २८ अंश पुरतात. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. इन्क्युबेटर, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारं कपाट, बंद पडला की एका दुपारी सगळं संपतं, म्हणून त्याची वीज कुठल्या फेजवर आहे आणि जनरेटरला जोडली आहे का, हे पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या.

६. पावसाळा: इथेच सगळं ठरतं

जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जे गोळा कराल त्यावर पुढचं वर्ष चालतं. लांब जायची गरज नाही. विभागाच्या आवारातल्या गुलमोहराच्या बुंध्यापाशी गॅनोडर्माचे तपकिरी, लाखेसारखे चकचकीत तुकडे दिसतात. पडलेल्या ओंडक्यावर शायझोफायलमचे पांढुरके पंखे असतात. वारुळावर टर्मिटोमायसेस उगवते. वाळवी जमिनीखाली तिची शेती करते. विदर्भातून आलेल्यांना ती 'सात्या' म्हणून ठाऊक असते आणि लगेच भाजीची आठवण येते. मी चंद्रपूरकडची, त्यामुळे मला दर वर्षी येते.

आवाराबाहेर पाऊल टाकण्याआधी परवानगी लागते. पावागडच्या आसपास, जांबुघोडा किंवा रतनमहाल अभयारण्यात जायचं तर वनखात्याचं लेखी पत्र हवं. अर्ज एप्रिलमध्ये करा, जुलैत केलेल्या अर्जाचा उपयोग पुढच्या पावसाला होतो. शहरातल्या कमाटीबागेतसुद्धा कापाकाप करायची तर पालिकेला विचारावं. बाग १८७९ची, सयाजीराव महाराजांच्या काळातली, आणि तिच्यातून विश्वामित्री वाहते. त्या नदीत शेकडो मगरी आहेत. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. तेव्हा काठावरचं सुंदर छत्र कितीही खुणावलं तरी पावसाळ्यात काठ सोडा.

थैलीत काय न्यायचं: कागदी पिशव्या, चाकू, खुरपं, हातभिंग, मोजपट्टी, शिसपेन्सिल, नोंदवही, छत्री. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नका. त्यात छत्रांना घाम फुटतो आणि संध्याकाळपर्यंत लगदा हाती येतो. उगवलेल्या जागीच फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. कुठल्या झाडाखाली, वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का, हे तिथेच लिहा. परत आल्यावर आठवेल असं वाटतं, आणि आठवत नाही.

संध्याकाळी स्पोअर प्रिंट, म्हणजे बीजाणूंचा ठसा, घ्या. देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी कागदावर पाकळ्यांची नक्षी उमटलेली असते. या कामातली मला आजही सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. नंतर नमुना ४०-५० अंशांवर कडकडीत वाळवा आणि कागदी पाकिटात घाला.

७. नंबर

पहिल्या वर्षी मी एकशे चाळीस प्लेट केल्या आणि नावं झाकणांवर लिहिली. एका संध्याकाळी ट्रे हातातून निसटला, झाकणं सगळीकडे पसरली. खालच्या बश्या शाबूत होत्या, पण कुठलं झाकण कुठल्या बशीचं ते देवालाच माहीत. चार महिन्यांचं काम मी स्वतःच्या हाताने ऑटोक्लेव्हमध्ये घातलं.

तेव्हापासून माझे नियम:

- नंबर बशीच्या तळाला लिहायचा, झाकणावर कधीच नाही.
- स्पिरिटने पुसली जाणार नाही अशी शाई वापरायची. पाकिटात शिसपेन्सिलने लिहिलेली चिठ्ठीही टाकायची. पेन्सिल पुरातही टिकते.
- एका नमुन्याला एकच नंबर, गोळा केल्यापासून प्रबंधापर्यंत. फोटो, वाळलेलं छत्र, कल्चर (माध्यमावर वाढवलेली बुरशी), डीएनए, सगळ्यावर तोच.
- नोंदवही पानांचे क्रमांक छापलेली घ्यायची आणि पान फाडायचं नाही, चूक झाली तरी.

गाइड नंबराचा आग्रह का धरतात हे तिसऱ्या वर्षी कळतं. नमुन्याला नाव देणं पुढे ढकलता येतं, नंबर देणं नाही.

८. तुमची बुरशी आणि हवेतली बुरशी

नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात खूप काही "मिळतं". त्यातलं निम्मं हवेतून आलेलं असतं. काळी मिरपूड भुरभुरवल्यासारखी दिसते ती ॲस्परजिलस नायजर. रात्रीत राखाडी कापसाने अख्खी बशी भरून झाकण उचलते ती ऱ्हायझोपस. हिरवे गालिचे ट्रायकोडर्माचे, आणि ती शेजारणीला खाऊन टाकते.

सगळ्यात भयंकर नारिंगी, न्यूरोस्पोरा. तिला ओळखायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पावसात सुरसागरच्या काठी भाजलेला मका खाऊन लोक कणसं टाकतात. दोन दिवसांनी त्यांवर नारिंगी पूड दिसते ना, तीच. ती प्रयोगशाळेत शिरली तर त्या दिवशी दुसरं काही उघडू नका. बशी ओल्या कपड्यात गुंडाळून तशीच ऑटोक्लेव्हमध्ये घाला.

पानांच्या आतली बुरशी वेगळी काढत असाल तर पान आधी ७०% इथेनॉलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पुन्हा इथेनॉलमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्यात तीनदा खळबळतात. शेवटच्या खळबळण्याचं पाणी एका प्लेटवर ओता. तिथे काही उगवलं तर बाकीच्या प्लेटमधलं आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे सांगता येणार नाही. ही एक प्लेट वगळणारे खूप आहेत.

आणि कोळीकीटक. डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे एका बशीतून दुसरीत चालत जातात आणि पावलांवरून जीवाणूंच्या ठिपक्यांची रांग उमटवत जातात. रांग दिसली की पूर्ण शेल्फ संशयित. प्लेट पॅराफिल्मने, म्हणजे ताणून चिकटणाऱ्या मेणपट्टीने, बंद करा, वाळवलेले नमुने आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

मास्क लावा. ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. १९७४ साली शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात बुरसटलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली होती. प्लेट उघडून वास घेण्याची सवय असेल तर मोडा.

९. नाव ठेवणं

सेलोटेपची छोटी पट्टी बुरशीवर टेकवा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबावर चिकटवा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निदान तीस बीजाणू मोजा. थेंबात फिनॉल असतं, हाताला लागलं तर भाजतं.

डीएनएचं काम आता सगळ्यांना करावं लागतं. डीएनएच्या आयटीएस नावाच्या तुकड्याच्या प्रती वाढवून त्यातल्या अक्षरांचा क्रम काढून घेतात. क्रम बाहेरून करून घेतलात तर आलेली फाइल उघडून तिचे शिखरांचे आलेख स्वतः पाहा. आम्हाला एकदा दुसऱ्याच कुणाच्या नमुन्याचा क्रम आला होता, आणि तो आमच्या बुरशीचा नसून जीवाणूचा होता म्हणून लक्षात आलं.

सापळा पुढे आहे. क्रम जेनबँकेत, म्हणजे अशा क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात, शोधला की पहिल्या ओळीत ९९% जुळणारं एक नाव येतं, आणि मुलं तेच नाव प्रबंधात घालतात. जेनबँकेत चुकीच्या नावांनी टाकलेले क्रम भरपूर आहेत. शिवाय ॲस्परजिलसच्या जाती नुसत्या आयटीएसने वेगळ्या होत नाहीत, तिथे कॅल्मोड्युलिन किंवा बीटा-ट्युब्युलिन या जनुकांचा क्रम लागतो. फ्युजेरियमला टीईएफ. जुळणारा क्रम नेमक्या कुठल्या नमुन्यावरून आला ते बघा. टाइप नमुन्यावरून, म्हणजे ज्यावरून त्या जातीला मुळात नाव दिलं त्या नमुन्यावरून, आला असेल तर भरवसा, नाहीतर नाही.

एखादी नवीनच जात हाती लागली तर आधी शांत बसा. लॅटिन वर्णनाची सक्ती २०१२पासून गेली, पण १ जानेवारी २०१३पासून नवीन नावाला मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या ठिकाणचा नोंदणी क्रमांक लागतो. त्याशिवाय नाव वैध नाही. म्हणजे पुन्हा नंबर. नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करणं २००२च्या जैवविविधता कायद्यानेही बंधनकारक आहे. आपल्याला सोयीची पुण्याची आघारकर संस्था. तिथे बुरशींचा राष्ट्रीय कल्चर संग्रह आहे आणि बुरशीशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचं हर्बेरियमही, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतही दोन्ही आहेत. परदेशातल्या मित्राला "जरा बघून सांग" म्हणून पाकीट पोस्टाने पाठवू नका. त्याला परवानगी लागते.

१०. घरच्यांचे आणि दारच्यांचे प्रश्न

तुमचं काम कळलं की लोक नमुने घेऊन येतात. घरमालकिणीच्या लोणच्याला बुरा आला, भिंतीला ओल आली, पायाला नायटा झाला. नायट्यासाठी डॉक्टरकडे पाठवा. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी तर मला दिवसाला दहा फोन येत. "काळी बुरशी" काळी नसते, ऱ्हायझोपसच्या कुळातली ती बुरशी रक्तवाहिन्या अडवते आणि मेलेला भाग काळा पडतो, एवढं समजावण्यात माझे दोन महिने गेले.

"हे खाता येईल का?" या प्रश्नाला एकच उत्तर: नाही. खात्री असली तरी नाही. तुम्ही बघितलेलं एक छत्र आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात तोडलेलं दुसरं, यांत फरक असू शकतो, आणि हो म्हटल्याचं खापर तुमच्यावर.

लोकांना काही खाण्यातलंच सांगायचं असेल तर दगडफुलाचं सांगा. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. घरमालकीणबाईंना हे सांगितल्यावर त्या दोन दिवस मसाल्याच्या डब्याकडे संशयाने बघत होत्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षं खातोय, आता कसली बुरशी?"

११. सुट्टीवर जाण्याआधी

नवरात्रात रात्रभर गरबा आणि दुसऱ्या दिवशी विभाग अर्धा रिकामा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळे पतंग घेऊन गच्चीवर. दिवाळीत कुलूप. बुरशीला यातलं काही कळत नाही, ती वाढतच राहते. म्हणून त्याआधी:

- प्रत्येक कल्चरच्या दोन तिरप्या नळ्या (माध्यम तिरपं गोठवलेल्या परीक्षानळ्या) करा. एक फ्रिजमध्ये, दुसरी निर्जंतुक खनिज तेलाखाली, आणि शक्यतो दुसऱ्या खोलीत.
- जुन्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाका, कचऱ्यात तशाच नाही.
- नोंदवहीच्या चालू पानांचे फोटो काढून स्वतःलाच पाठवा.
- इथेनॉलच्या रजिस्टरवर सही घ्या.
- खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते बघा, आणि सुट्टीत वीज गेली तर जनरेटर सुरू करणाऱ्या काकांचा नंबर दारावर चिकटवून ठेवा. जाताना त्यांना सेव-उसळ खिलवा. मी दर दिवाळीआधी खिलवते, आणि गेल्या आठ वर्षांत माझा इन्क्युबेटर एकदाही सुट्टीत बंद पडलेला नाही.